रिकाम्या जागेला वळसा

तुम्ही तुमच्या घरात रोज कुठे वळता, सांगता येईल? पाण्याचा ग्लास घेऊन स्वयंपाकघरातून खिडकीपाशी जाताना पाय कुठे वाकडे पडतात, छातीवर हात ठेवून सांगा. नाही ना येत? मग खडूताईला हसायचं काम नाही.

खडूताई लोकांची घरं आतून सजवते. ‘सजवते’ म्हटलेलं तिला खपत नाही. "सजवायला घर काय नवरी आहे? मी घर मोकळं करते," म्हणते. कॉलेजचं तोंड तिने पाहिलेलं नाही. वीस वर्षं सुतारकाम केलं, साहेबलोकांच्या नकाशांवर. साहेबांच्या समोर, टेबलाच्या पलीकडे उभं राहून ते नकाशे उलटे वाचत शिकली, त्यामुळे आजही सरळ नकाशा हातात दिला की आधी उलटा फिरवते आणि मगच बघते. साहेबांनी खुर्चीत बसून रेघ मारायची, हिने ती भिंतीवर चढवायची आणि फोटोखाली नाव साहेबांचं. याचं नवल वाटायचं केव्हाच थांबलं होतं. राग तेवढा थांबला नव्हता.

तर अशाच एका कामाचं बोलावणं आलं. तीन पिढ्यांचं घर. आजी, तिचा मुलगा, सून, कॉलेजात जाणारी नात आणि चार वर्षांची धाकटी. ही धाकटी म्हणजे अगदी शेंडेफळ. आईबापाने आशा सोडल्यावर आलेली. नकाशा एका मोठ्या ऑफिसकडून तयार होऊन आला होता. खडूताईने तो उलटा धरला आणि विचारलं, "ह्यात आजी कुठे आहेत?"

मुलाने मागच्या चिंचोळ्या खोलीवर बोट ठेवलं. कपडे धुवायच्या मशीनशेजारी एक खाट काढली होती.

"मला शनिवारपर्यंत वेळ द्या," खडूताई म्हणाली. "मी माझा नकाशा आणते. नाही पटला तर हाच निमूटपणे बांधून देईन." बोलून गेली खरी, पण स्वतःचा नकाशा तिने आजवर कुणापुढे ठेवला नव्हता.

नातीने फर्माईश सांगितली. घर मिनिमलिस्ट हवं आणि पोस्टमॉडर्नही.

"म्हणजे गं काय?"

"म्हणजे सामान कमीत कमी. आणि जुन्या वस्तू नव्यात आणून ठेवायच्या, जरा थट्टेने."

"सामान कमी, हे कळलं. थट्टा कुणाची?"

नात फोनमध्ये फोटो शोधायला लागली.

खडूताईची कामाची रीत वेगळी. टेप लावायच्या आधी ती खडू काढते. सकाळी दाराशी स्टूल टाकून बसली, पाच माणसांना पाच रंग वाटले. माणूस हॉलमधून गेला की त्याच्या पावलांमागून हिची रेघ. सून एकदा वैतागून म्हणाली, "ताई, मागे असं कुणी लागलं की चालायचं कसं हेच विसरायला होतं."

दुपारपर्यंत फरशीवर नुसता गुंता झाला. पण गुंत्याच्या मधोमध एक जागा कोरी राहिली होती. दोन हात लांब, हातभर रुंद. पांढरी, निळी, पिवळी, हिरवी, सगळ्या रेघा तिथवर सरळ यायच्या, वळसा घालायच्या आणि पुन्हा सरळ व्हायच्या. फक्त धाकटीची गुलाबी रेघ बिनधास्त मधून गेली होती.

"वहिनी, इथे काय आहे?"

"कुठे? काही नाही."

"दादा?"

"फरशी आहे," मुलगा म्हणाला.

आता खडूताईला चैन कुठली? तिने पटाशीच्या मुठीने टकटक करून पाहिलं. आवाज पोकळ आला. मागे एका घरात डगमगती फरशी सगळे न कळत टाळत होते, ते तिला आठवलं. म्हणाली, "सापडलं," आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत फरशी उचकटली. खाली सिमेंट ठणठणीत. मग शेजारची ठोकून पाहिली, तिचाही आवाज पोकळ. पलीकडचीही तशीच. अख्खं घरच तसं वाजत होतं.

"घर मोकळं करायला बोलावलं होतं, खणायला नाही," सून म्हणाली.

खडूताई फरशीचे तुकडे गोळा करायला लागली. दारात उभ्या आजी मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. सून आत गेल्यावर म्हणाल्या, "खाली काय शोधतेस? उजेड बघ की."

खडूताईने कोऱ्या जागेवर हात धरला. दोन भिंतींना दोन खिडक्या, दोन्हींचा उजेड तिथे येऊन मिळत होता. हाताची सावली जवळजवळ पडतच नव्हती. असा उजेड कुणाला लागतो? बोटांनी बारीक काम करणाऱ्याला. तिने आजींची बोटं पाहिली. उजव्या तर्जनीचं टोक घट्टा पडून कडक झालेलं.

"शिवायचात?"

"तीस वर्षं. इथेच बसून. ह्याचे शाळेचे कपडे, शेजारपाजारचे झगे, सगळं. मग डोळ्याचं ऑपरेशन झालं. हा म्हणाला, आई, आता आराम कर. मशीन माळ्यावर गेलं."

"आणि डोळे?"

"सुई ओवते अजून."

"मग खाली काढा म्हणायचं ना."

"मुलाने मायेने उचललं होतं गं. मायेने नेलेलं परत मागायला तोंड कसं उघडायचं?"

या गोष्टीला सहा वर्षं झाली होती. धाकटी जन्मली चार वर्षांपूर्वी. खडूताईने गुलाबी रेघेकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि पटाशी पिशवीत टाकली.

शनिवारी तिने नकाशा टेबलावर ठेवला, सवयीने उलटा. मुलाने तो सरळ केला. कपाटं भिंतीत लपवलेली, बैठक भिंतीला चिकटून, आजींची खाट नातीच्या खोलीत खिडकीकडे. हॉलमध्ये बाकी काही म्हणजे काही नाही. मधोमध फक्त शिलाई मशीन.

नात खूश झाली. "त्याच्या लोखंडी पायांवर काच टाकू, वर दिवा. एकदम पोस्टमॉडर्न!"

"दिवा कशाला?" आजी म्हणाल्या. "मशीन चालतं की."

"थट्टा कुणाची, ते मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं," खडूताई म्हणाली.

मुलाने मान हलवली. "हॉलच्या मधोमध मशीन? येता-जाता सगळे अडखळतील. राहू दे ताई, ऑफिसचाच नकाशा बांधू." आणि तो आणायला समोरच्या कपाटाकडे निघाला. खडूताईने हात मांडीखाली दाबून धरले. तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं.

खडूच्या रेघा कधीच पुसल्या होत्या. तरी मधोमध येताच त्याचं पाऊल बाजूला पडलं, वळसा झाला, पुन्हा सरळ.

"बाबा, तू वाकडा का चालतोस?" धाकटीने विचारलं.

तो थांबला. वळून रिकाम्या फरशीकडे पाहिलं. मधून जायला पाऊल उचललं आणि तसंच मागे घेतलं. आजी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

शेवटी सूनच बोलली. "सहा वर्षं न दिसणाऱ्या मशीनला कुणी अडखळलं नाही. दिसणाऱ्याला कशाला अडखळेल?"

मशीन माळ्यावरून मुलाने स्वतः उतरवलं. तेल आजींनी घातलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्याच्या खालची एक फरशी वेगळ्या रंगाची आहे, कारण तशी पुन्हा मिळालीच नाही. सून ती पाहुण्यांना मुद्दाम दाखवते: "ही आमच्या ताईंची करामत." नकाशा आतल्या कपाटाच्या दाराला चिकटवलेला आहे. खाली नाव खडूताईचं.

आता तुम्ही एक करा. उद्या सकाळी खडूचा तुकडा घ्या आणि घरातल्यांच्या पावलांमागे लागा. हसतील, हसू द्या. सगळ्यांच्या रेघा जिथे उगाच वळतील तिथे थांबा, आणि फरशी उचकटण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, इथे काय होतं?