डाव्या कानात सांगितलेलं

परवाच्या दुपारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आता माझ्या ओळखीचं कुणी म्हणेल, तुझं असं काय आहे जे आम्हाला ठाऊक नाही? खरं आहे. महाडच्या बाजारात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, जळालेल्या मोटारी-पंख्यांना नवी तार गुंडाळून द्यायचं, आणि माझ्या फजित्या मी गिऱ्हाइकांना चहासोबत फुकट देतो. मेहुणीच्या लग्नाला एक दिवस आधीच नटूनथटून पोचलो, मांडववाल्यांना खांब धरू लागलो, आणि खऱ्या दिवशी दुकानात मोटार उघडून बसलो — हे मीच सांगत सुटलो. पंखा न्यायला आलेल्या माणसाला बसवून चहा सांगायला बाहेर पडलो, आणि थेट सावित्रीच्या पुलावर पाणी बघत सापडलो — हेही मीच सांगितलं. पण एक गोष्ट... ती जिभेच्या टोकावर आली की मी चटकन दुसरी फजिती सांगून टाकायचो. फजित्यांचा हा एक फायदा असतो. त्यांच्या मागे लपता येतं.

सांगतो. पण जरा वळणं घेत सांगू द्या — सरळ रस्त्यानं मी कधी कुठं पोचलोय?

मागच्या हिवाळ्यात आम्ही आमच्या श्रावणीला घेऊन पुण्याला एका डॉक्टरांकडे गेलो. पोरगी हुशार, पण वर्गात तिचं लक्ष खिडकीबाहेर, आणि घंटा वाजली की कानांवर हात. डॉक्टर तिच्याशी बोलत होते. बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी त्यांच्या टेबलावरचे रबरी शिक्के उंचीप्रमाणे लावत होतो. चांगलं काम चाललं होतं, एकच शिक्का हट्टी होता. त्यांनी हसून मला दोन प्रश्न विचारले, मग आणखी चार, आणि म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही या."

पुढच्या वेळी निघालं ते असं — एडीएचडी आणि ऑटिझम. दोन्ही! चव्वेचाळीसाव्या वर्षी. कुणी रडलं असतं. मी खाली उतरून दोन प्लेट इडली खाल्ली — चटणी वेगळ्या वाटीत, कारण इडलीला चटणी लागली की ती माझ्या दृष्टीनं वाया गेली. इतका हलका मी कधी झालो नव्हतो. माझ्या डोक्यात दोन भाडेकरू राहतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. एकाला सगळं जागच्या जागी लागतं, दुसरा ते रोज विस्कटतो, आणि भाडं दोघंही देत नाहीत. आता निदान त्यांची नावं तरी कळली.

पण इडली नंतरची. त्या दिवशी सकाळी एक दुसरीच गोष्ट घडली होती. आणि ती कळायला सहावीत जावं लागेल.

सहावीत, पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या गावच्या शाळेत, गुरुजींनी मला हाक मारली. मारत राहिले. मी खिडकीच्या गजावर चाललेल्या मुंगीबरोबर दुसऱ्या टोकापर्यंत चाललो होतो, ती मधेच वळली म्हणून मीही वळलो होतो. गुरुजी छडी घेऊन जवळ आले. "ऐकायला येत नाय काय रे तुला?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "डाव्या कानानं नाय येत, गुरुजी."

छडी खाली आली. गुरुजींच्या चेहऱ्यावर अशी माया पसरली, की मी बघतच राहिलो. माझ्याकडे बघून मोठ्या माणसाचा चेहरा असा होऊ शकतो? त्यांनी मला पुढच्या बाकावर बसवलं. संध्याकाळी घरी निरोप गेला. आईनं लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. "माझ्या लेकराला मी उगाच मारीत आले गो," असं शेजारणीला सांगून ती रडली. मी कुशीवर पडून ते सगळं ऐकत होतो. डाव्या कानानं.

झालं. एका कानाला ऐकू न येणारा मुलगा गावाला कळतो. दोन्ही कान चांगले असून ज्याच्या डोक्यापर्यंत हाक पोचत नाही, तो मुलगा कुणाला कळणार? मी जो कळतो तो झालो. फक्त एक घोळ झाला. ज्या पोराला गर्दीचा, ताशांचा, भांडी पडल्याचा आवाज अंगात सुई गेल्यासारखा लागतो, त्यानं थाप मारली ती अशी, की सगळं गाव येऊन त्याच्या उजव्या कानाशी ओरडायला लागलं. याला म्हणतात डोकं! चुलते ओरडायचे, वाणी ओरडायचा, एसटीचा कंडक्टरसुद्धा ओळख झाल्यावर वाकून ओरडायला लागला. मी प्रत्येक वेळी दचकायचो, आणि ते खूश व्हायचे — ऐकू गेलं एकदाचं.

दुकानातही मी नेमानं वागतो. मोटारीचं बेअरिंग तपासताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावायची असते. मी उजव्यालाच लावतो. एकदाच गाफील राहिलो. शेजारचा चहावाला म्हणाला, "आज डाव्यानं ऐकतोयस काय रे?" मी म्हणालो, "हाडातून जातो आवाज, हाडातून." तो पटल्यासारखी मान हलवून गेला. मलाही क्षणभर पटलं.

हसताय ना? हसा. इथवर ही गोष्ट हसण्याचीच आहे.

लग्न ठरताना माझ्या वडलांनी तुडीलला जाऊन मोकळेपणानं सांगितलं — मुलाचा डावा कान अधू हाय, लपवणार नाय. सासरे या प्रामाणिकपणावर इतके खूश झाले, की तिथंच पोहे आले. रंजना, म्हणजे माझी होणारी बायको, दाराआडून म्हणाली म्हणे, "एक तर चालतोय ना!" सतरा वर्षं झाली. ती तशीच आहे, पटकन बोलणारी, पटकन हसणारी.

तर रंजनानं काय केलं — दोन्ही कानांचा उपयोग केला. उजव्या बाजूनं संसार चालला: "अहो, पाणी तापलंय! अहो, गॅस बंद करा, दूध गेलं!" आणि डाव्या बाजूला बसली की ती हळू आवाजात स्वतःचं बोलायची. तिथं मी अहो नव्हतो, अरे होतो. "अरे, काय घोरतोस, वसाहतीतल्या कारखान्याचा भोंगा बरा." "अरे, तुझी आई आज परत बोलली मला, मी पण मनात दिल्या चार शिव्या." कधी गाणं. कधी, मी मोटारीत डोकं घालून बसलेलो असताना, नुसतं "कसा दिसतोस रे मन लावून काम करताना" — आणि मी लाल होऊ नये म्हणून तारेचे वेढे मोजायला लागायचो, आणि मोजणी चुकायची.

सुरुवातीला वाटलं, सांगून टाकावं. मग वाटलं, सांगितलं तर हे थांबेल. असलं सुख कोण सोडतो? बायको मनातलं कानात ओतते, आणि तुम्हाला उत्तरसुद्धा द्यावं लागत नाही! उत्तरं द्यायला तर मला कधीच जमलं नाही.

पण त्यात एक मागणं असायचं. दरवर्षी, शिमगा जवळ आला की. "अरे, तुडीलला अंगणात पालखी येते. सगळ्यांचे जावई असतात. वहिनी मला विचारते, तुमचे नाय आले? मी म्हणते कान दुखतो त्यांचा. एकदा ये ना. नाचू नको. नुसता उभा ऱ्हा माझ्याजवळ." उजव्या कानाला तिनं हे कधीच म्हटलं नाही. पहिल्याच वर्षी पालखीपुढचा ढोल-सनईचा खालूबाजा ऐकून मी परसातून पळालो होतो, ते तिनं पाहिलं होतं; का पळालो, ते तिला कळलं नव्हतं. मला संकटात टाकायचं नाही म्हणून ती बहिऱ्या कानाला सांगायची. आणि मी? दरवर्षी ऐकलं. दरवर्षी ती श्रावणीला घेऊन एकटी गेली.

आता ती पुण्यातली सकाळ. डॉक्टरांनी विचारलं, ऐकण्याचा काही त्रास? मी तोंड उघडायच्या आत रंजना म्हणाली, डावा कान लहानपणापासून गेलाय. डॉक्टर म्हणाले, मग आधी तो तपासून या, मग बोलू.

वरच्या मजल्यावर एक छोटी खोली होती, भिंतींना जाड गाद्या. दार बंद झालं आणि... काय सांगू! जगात इतकी शांतता विकत मिळते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हातात एक बटण. टिक् ऐकू आलं की दाबायचं. माझा बेत पक्का होता — डाव्याची पाळी आली की गप्प बसायचं. पण त्या आवाजांचा एक क्रम होता हो! मोठा, लहान, त्याहून लहान, मग एकदम वर. मी त्या क्रमात असा शिरलो, की डावं-उजवं सगळं विसरून शेवटच्या, धूळ पडावी तेवढ्या आवाजालासुद्धा बटण दाबलं. बाहेर आलो तर तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, दोन्ही कान एकदम मस्त आहेत तुमचे!"

रंजना जिन्याजवळच्या बाकावर श्रावणीची वेणी घालत होती. "काय म्हणाले?" तिनं उजवीकडून ओरडून विचारलं.

मी म्हणालो, "आहे तेवढंच आहे."

मग खाली जाऊन डॉक्टरांना तेवढं एकट्यानं खरं सांगितलं की कान ठीक निघाले. मग रंजनाला आत बोलावून त्यांनी दोन्ही नावं समजावून सांगितली, मी इडली खाल्ली, आणि आम्ही महाडच्या बसमध्ये बसलो. मी नेहमीप्रमाणे उजवीकडच्या खिडकीत, ती माझ्या डावीकडे. वरंध घाट लागला. श्रावणी तिच्या मांडीवर झोपली होती. आणि रंजना माझ्या डाव्या कानाशी हळूच बोलायला लागली.

"अरे, मला वाटायचं तू माझ्याशी बोलत नाहीस ते मी आवडत नाही म्हणून. शिमग्याला तुडीलला येत नाहीस ते माझ्या माणसांना कमी समजतोस म्हणून. किती वाईट वाईट म्हटलं मी तुला मनात. तुझी घडणच तशी आहे, मला काय माहीत. माफ कर रे."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दरीत धुकं होतं. ते फार मन लावून बघितलं.

हा माझा गुन्हा. सहावीतली थाप नव्हे, ती पोराची होती. डॉक्टर म्हणाले हा रोग नाही, घडण आहे. असेल. घडणीमुळे मला गोंगाट सोसत नाही, तारीख लक्षात राहत नाही, चटणी चालत नाही. पण जी बाई माझी माफी मागत होती, तिच्याकडे पाठ करून बसायला घडणीनं सांगितलं नव्हतं. ते मी केलं.

परवा दुपारी आम्ही बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होतो. हे काम मला फार आवडतं; दाणा टपकन बाहेर येतो, आणि मी सालं ओळीत लावतो. ती डावीकडे. शिमगा पुढच्या आठवड्यावर आलाय. तिनं दाणा पातेल्यात टाकला आणि नेहमीसारखं हळू म्हणाली, "अरे, एकदा ये ना यंदा. नुसता उभा ऱ्हा."

"येतो," मी म्हणालो. "कारखान्यात कानावर घालतात ना, ते घालून येतो. पण उभा राहतो."

तिच्या बोटांतला वाल तसाच राहिला. मग तिच्या चेहऱ्यावरून सगळी वर्षं एकामागून एक धावत गेली, मला दिसत होती.

"सगळं ऐकू येतं?"

"सगळं. सहावीपासून."

"आईंबद्दलचं?"

"पाठ आहे."

ओठ वळले तिचे, हसू फुटणारच होतं. मग थांबलं.

"बसमधलं पण?"

"बसमधलं पण."

ती उठली. पातेलं उचललं आणि डावीकडून निघून माझ्या समोर येऊन बसली. पातेलं आमच्या मधे ठेवलं आणि बोटांतला वाल सोलला. मीही पुढचा उचलला.