ब्रेकवरचा पाय

ड्रायव्हिंग शिकवण्याच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. मास्तरांनी आपला दाबला की शिकणाऱ्याचा आपोआप खाली जातो आणि तो बिचारा भूत पाहिल्यासारखा स्वतःच्या पायांकडे बघत राहतो. ब्रेकमास्तरांचा सगळा जन्म या दुसऱ्या ब्रेकवर गेला. त्यांचे खरे नाव लायसन्सवर होते आणि तिथेच राहिले. गल्लीत, चर्चमध्ये, अगदी पाळकसाहेबांच्या तोंडीसुद्धा ते ब्रेकमास्तरच.

माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. भीती वाटली की काही जण गप्प होतात, हे ओरडत. समोर मांजर दिसले की ब्रेक. मांजर निघू शकेल असे फाटक दिसले तरी ब्रेक. जेवताना कोणी पाण्याच्या तांब्याकडे जरा झटकन हात नेला, तर टेबलाखाली मास्तरांचा पाय फरशीवर दाबला जाई. "आमच्याकडची तेवढीच फरशी झिजलीय," असे आजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असत.

मास्तरांची मुलगी कॉलेजात असताना त्यांच्याकडेच गाडी शिकली. परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली, लायसन्स कपाटात ठेवले आणि त्या दिवसापासून बसने फिरते. तेवढ्यावर भागले असते तर चालले असते. पण हीच मुलगी लहानपणी जेवणाआधी मोठ्याने प्रार्थना करायची आणि मास्तर एक डोळा उघडून मध्येच म्हणायचे, "आधी आभार, मग मागणं. आणि जरा सावकाश." एके दिवशी ती म्हणाली, "पप्पा, तुम्हीच करा." तेव्हापासून ती मनातल्या मनात प्रार्थना करते. निदान मास्तर तसे धरून चालत. विचारायची त्यांची छाती नव्हती.

म्हणून त्या शनिवारी दुपारी नातीने प्रार्थनेचा विषय काढला तेव्हा त्यांचा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. नात दुसरीत होती. एका जागी ठरत नसल्यामुळे तिला सगळे मुंगी म्हणत.

"आजोबा, संडे स्कूलच्या बाई म्हणाल्या, ज्याला मनापासून वाटतं त्याने विश्वासाची प्रार्थना करायची. येशूला सांगायचं की मी तुझी आहे. पाठ केलेलं नाही चालत. आणि घरातलं मोठं माणूस बरोबर हवं."

"छान. मग आजीला घे."

"आजी रडेल."

"मी कशाला रडू?" आजी म्हणाल्या आणि नाक ओढले. "कांद्याने होतंय ते." समोर कांदा नव्हता.

"मग मम्मी येईल आता कामावरून, तिच्याबरोबर कर."

"मम्मी मनात करते. मला काहीच ऐकू येत नाही."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "पाळकसाहेब आहेत की."

"त्यांची फार लांबते. मला तुम्हीच हवेत. मी देवाशी पहिल्यांदाच खरंखुरं बोलणार. चुकीचं काही बोलले तर? तुमच्याकडे ब्रेक आहे."

आजी इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. मास्तर मात्र पुन्हा चष्मा पुसू लागले. हिच्या आईची वाचा बंद केली ती केली, आता हिचीही करणार की काय आपण? तीही देवासमोर! पण नाही म्हणावे, तर मूल म्हणेल, आजोबांना येशू नको. इकडे आड, तिकडे विहीर.

"बरं," ते म्हणाले. "कुठे बसायचं?"

"गाडीत," मुंगी म्हणाली. "ब्रेक तिथेच आहे ना?"

गाडी नेहमीप्रमाणे फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभी होती. संध्याकाळी ती आत, आजींच्या कुंड्यांशेजारी घ्यायची असे. मुंगी शिकाऊ माणसाच्या सीटवर दोन उशा ठेवून बसली. पाय हवेत. मास्तर आपल्या जागेवर बसले आणि सवयीने सुरू झाले.

"आधी सीट नीट. मग पट्टा. मग आरसे."

"प्रार्थनेला आरसे?"

"राहू दे. हात जोड. डोळे मीट. आता क्रम ऐक. आधी देवाचे आभार, मग आपली पापं कबूल करायची, मग विश्वास सांगायचा, मग मागणं, शेवटी आमेन. मध्येच गिअर बदलायचा नाही. चल."

मुंगीने खोल श्वास घेतला. "प्रभू येशू, मी मुंगी..."

"खरं नाव सांग!"

मुंगीने डोळे उघडले. तिच्या पायांखालचा ब्रेक खाली गेलेला होता. "आजोबा, तुम्ही दाबलात."

"चुकून. चल पुन्हा."

"प्रभू येशू, मला असं वाटतं की..."

"वाटतं नाही, विश्वास आहे म्हण!"

ब्रेक पुन्हा खाली. तिसऱ्यांदा आभारांच्या आधी पापे आली म्हणून गेला, चौथ्यांदा तिला शिंक आली म्हणून.

ब्रेक दाबला की गाडीचे मागचे लाल दिवे लागतात, हे मास्तर शेकडो लोकांना शिकवून विसरले होते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आजींना ते दिवे झकास दिसत होते.

"अहो!" वरून आवाज आला. "प्रार्थना चाललीय की चौकातून गाडी काढताय? नुसते लाल दिवे पेटतायत!"

"तू आत जा बघू!"

"मी जाते. तुमचा पाय जातोय का बघा!"

मास्तरांनी नातीकडे पाहिले. ती आता डोळे मिटत नव्हती. खालच्या पेडलकडे टक लावून, पुढचा धक्का कधी बसतो याची वाट बघत होती. ओठ घट्ट मिटलेले. हा चेहरा मास्तरांनी याच सीटवर पूर्वी पाहिला होता. तेव्हा तो कॉलेजातल्या मुलीचा होता.

"आजोबा," मुंगी हळूच म्हणाली, "तुम्हीच करा ना. मी नुसतं आमेन म्हणते."

काहीतरी बोलावे म्हणून त्यांनी तोंड उघडले आणि त्यांना जाणवले की पाय पुन्हा पेडलवर गेलाय. पायाचा भरवसा उरला नव्हता. मग त्यांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढले, एक पाय दोन्ही हातांनी उचलून सीटवर घेतला, मग कण्हत दुसरा. गाडीत बसायला लागल्यापासून पहिल्यांदाच ते त्या सीटवर मांडी घालून बसले. गुडघे डॅशबोर्डाला टेकले, पोट वर आले, मान एका बाजूला गेली.

"हे काय?" मुंगीने विचारले.

"आता मला ब्रेक नाही. तू बोल. जसं येईल तसं."

"आणि चुकलं तर?"

मास्तर विचारात पडले. असा प्रश्न शिकाऊ माणसांनी त्यांना नेहमी विचारला होता आणि त्यांचे उत्तर ठरलेले असे: मी आहे ना. आज ते म्हणता येईना. "ऐकणारा माझ्यासारखा नाही," ते म्हणाले. "तो ओरडत नाही. मी त्याला ओळखतो."

मुंगीने डोळे मिटले.

"प्रभू येशू, मी मुंगी. तुला माहीतच असेल. मी खोटं बोलते. दात घासले नसले तरी घासले म्हणते. आणि आजोबांच्या गाडीची ती 'एल' लिहिलेली लाल पाटी मी घेतली. माझ्या बाहुलीच्या गाडीला पाहिजे होती. आजोबा बेकरीवाल्या काकांना ओरडले, ते शिकून गेल्यावरच पाटी हरवली म्हणून. काका काहीच बोलले नाहीत. मी पडद्यामागे होते."

मास्तरांच्या दोन्ही पायांनी उसळी घेतली. गुडघा डॅशबोर्डावर असा आपटला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. बेकरीवाल्याला त्यांनी भर रस्त्यात 'पाटीचोर' म्हटले होते! 'थांब!' अगदी जिभेवर आले होते. त्यांनी ओठ चावला.

"मला माफ कर. तू माझ्यासाठी क्रूसावर मेलास आणि परत उठलास, असं बाई म्हणतात. मी खूप विचार केला. मला ते खरं वाटतं. तू माझ्याजवळ ये आणि जाऊ नकोस. मला अजून नीट चालवता येत नाही, म्हणून तू शेजारी बस. एकदम ब्रेक मारू नकोस, मी घाबरते. पण खरंच धडकणार असले तर मार." ती थांबली. "आणि आजोबांना रागावू नकोस. ते रागाने नाही ओरडत, घाबरून ओरडतात. आभार सांगायचे राहिले. आभार. आमेन."



"क्रम चुकला ना?" मुंगीने एक डोळा उघडून विचारले.

"क्रम गेला खड्ड्यात," मास्तर म्हणाले. "पोचली बघ. आमेन."

"दिवा नाही लागला हो!" गॅलरीतून आजी ओरडल्या. "एकदासुद्धा नाही लागला!" आणि आता मात्र त्या उघड उघड रडत होत्या.

नेमकी तेव्हाच मास्तरांची मुलगी बसस्टॉपवरून चालत आली. आईला वरती रडताना आणि वडिलांना गाडीत अनवाणी मांडी घातलेले पाहून ती जागीच थबकली. "पप्पा, बरं नाही का तुम्हाला?"

"मी प्रार्थना केली मम्मी! मोठ्याने! आजोबांनी ब्रेकच मारला नाही!"

मुलीने वडिलांकडे पाहिले. मास्तर समोरच्या काचेकडे बघत राहिले. "पाय बधिर झालेत," ते म्हणाले. "उतरता येत नाहीये. आणि गाडी आत घ्यायचीय." मग बराच वेळ घसा खाकरून, "चावी आहे तिथेच. तुला जमेल तर."

"तुम्ही शेजारी बसून?"

"मांडी घालून बसलोय बाई. काय करणार आहे मी?"

मुलीला हसू आले. तिने पर्स मागच्या सीटवर टाकली, मुंगीला उतरवले आणि तिच्या उशा बाजूला करून स्टिअरिंगसमोर बसली. "पण लायसन्स कपाटात आहे."

"कपाट काही पळून जात नाही. फाटकापासून दारापर्यंतच तर जायचंय."

"मम्मी, थांब!" मुंगी घरात पळाली आणि हरवलेली लाल पाटी घेऊन आली. ती तिने गाडीच्या मागे चिकटवली, हाताने दाबून सरळ केली आणि पट्टा लावून मागे बसली. "आजोबा, उद्या बेकरीवाल्या काकांना मी सांगते. पण तुम्हीपण सॉरी म्हणायचं."

"म्हणीन."

गाडी सुरू झाली, गचका खाऊन बंद पडली, पुन्हा सुरू झाली. "आर..." मास्तर म्हणाले आणि 'आरसा' गिळून टाकला. गाडी फाटकातून तिरकी आत शिरली, हळूहळू, हळूहळू, आणि आजींची सगळ्यात मोठी कुंडी खळ्ळकन आडवी झाली.

"माझी कुंडी!" वरून किंकाळी आली.

मुलगी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गोठली. तिने मान वळवून वडिलांकडे पाहिले, तशीच, पूर्वीसारखी, पुढचा धक्का कधी बसतो याची वाट बघत.

मास्तरांनी काच खाली केली, मान जेवढी बाहेर काढता येईल तेवढी काढली आणि बायकोला ओरडून सांगितले, "अगं, कुंडीच मध्ये आली!"