खिडकीकडची मुलं

माझ्या शिवणाच्या दुकानाला लागूनच फोटोवाल्या आजोबांचा स्टुडिओ. माणूस भारी कटकट्या. "अहो, फोटोत चेहरा उतरला पाहिजे चेहरा!" हे पालुपद दिवसभर ऐकून माझे कान किटले. बायको आधीच गेली होती. मग मुलगा आणि सून अपघातात गेले, मागे एवढीशी नात राहिली. सून दुसऱ्या वंशाची, काळी होती. पोरीने आईचाच रंग घेतला. "ही आपली राहिली की बस, मला आणखी काही नको," म्हणायचे.

शाळेतले वर्गाचे फोटो वर्षानुवर्षं त्यांचेच. काळ्या मुलांचे चेहरे फोटोत नुसते काळोखे यायचे, नाक-डोळेसुद्धा कळायचे नाहीत. आजोबांना ते बघवेना. म्हणून ते त्या मुलांना खिडकीकडच्या टोकाला, उजेडात उभं करायचे. वर्गाच्या बाईंना ते सोयीचं वाटलं. "चला, खिडकीवाले तिकडे!" मग वर्गात बसतानाही तेच, खेळाचे गट पाडतानाही तेच. कुणाच्या मनात पाप नव्हतं हो, पण अंगवळणी पडलं.

यंदा नात पहिलीत गेली. फोटोच्या दिवशी ती कुणी न सांगता खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. "बाळ, मधे ये, मैत्रिणीशेजारी," आजोबा म्हणाले.

मैत्रीण म्हणाली, "ती खिडकीवाली आहे. ती इकडे नसते."

अगदी साधेपणाने म्हणाली. बाईंनी तर, न सांगता जागेवर गेली म्हणून नातीला शाबासकी दिली. आजोबांनी माझ्या दुकानात येऊन हे सगळं सांगितलं.

"मग बोलायचं ना त्या बाईंना!" मी तडकले.

"बोललो. म्हणाल्या, तुम्हीच तर लावून दिलंत, आता कशाला घोळ घालता?"

मेलं, त्या माणसाला काय म्हणून दोष द्यायचा?

दुसऱ्या दिवशी ते तिला शाळेत सोडायला निघाले. फाटक दिसताच तिने हात सोडवून घेतला.

"आजोबा, मी तुमची नात आहे हे इथे कुणाला सांगू नका हं."

"का गं?"

"तुम्हालाही खिडकीकडे पाठवतील."

आता ते कोपऱ्यावरच थांबतात. पुढे ती एकटी जाते.