स्वयंपाकघरातली घरघर

लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. आम्ही अकराव्या मजल्यावर राहायला गेलो आणि त्याच वर्षी माझ्या बायकोला कावीळ झाली. ती बरी होत आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पाणी सांभाळा." त्याच आठवड्यात मी पाण्याचा फिल्टर आणून ओट्याच्या वर भिंतीला लावून घेतला. घरात तिघंच, मी, बायको आणि आई. वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

सुरुवातीला फिल्टर गुपचूप चालला. मग एका सकाळी तो घरघरायला लागला. मध्येच टर्र-टर्र करत अडायचा, बंद पडायचा, पुन्हा धडपडत सुरू व्हायचा. भिंत हादरायची, मांडणीतल्या ताटल्या वाजायच्या.

मला चैन पडेना. आवाज आला की वाटायचं, आत काहीतरी बिघडलंय, पाणी नीट गाळलं जात नाही, ही परत आजारी पडणार. ऑफिसातून घरी फोन करायचो. "वाजतोय का?"

"वाजतोय," बायको म्हणायची. "तू तिथे बसून काय करणार आहेस?"

मी भिंतीचे स्क्रू आवळले. जुन्या स्लिपरचं रबर कापून फिल्टरच्या मागे कोंबलं. ताटल्या शांत झाल्या, घरघर तशीच. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने आतली गाळणी बदलली, मशीन चालवून दाखवलं. एकदम शांत. तो गेला आणि संध्याकाळी परत तेच.

दुसऱ्यांदा तो आला तो सरळ सिंकखाली वाकला. "साहेब, हा कॉक अर्धा बंद का ठेवता? पंपाला पाणीच पुरत नाही, म्हणून ओरडतोय."

"कोणी बंद केला?"

"मी तर पूर्ण खोलून गेलो होतो."

मी बायकोकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. आई खाली बसून मेथी निवडत होती, तिने वर पाहिलं नाही. हादऱ्यांनी कॉक आपोआप फिरत असेल, असं मी मनाला समजावलं. पण त्यानंतर येता-जाता सिंकखालचं दार उघडून बघायची मला सवयच लागली.

शनिवारी दुपारी जेवून पडलो होतो. पाणी प्यायला उठलो, तर आई ओट्याखाली हात घालून बसलेली.

"आई, कॉक तू फिरवतेस?"

ती दचकली. मग म्हणाली, "त्या बारीक नळीतसून किती पाणी मोरीत जाता, बघलंस? पितो त्याच्यापेक्षा जास्त. माका बघवणा नाय रे."

"अगं, मशीन तसंच असतं. थोडं पाणी वाया जाणारच. आणि हिला परत काही झालं म्हणजे?"

माझा आवाज चढला होता. आई उठली आणि बाल्कनीत जाऊन पाठमोरी उभी राहिली.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला होते. संप लांबत गेला तसे ते कोकणात गावी गेले, शेतात हातभार लावायला. आई आम्हा भावंडांना घेऊन चाळीतच राहिली आणि लोकांकडे पाणी भरायला लागली. नळ खाली, पाणी भरायची ती बिऱ्हाडं वरच्या मजल्यावर. कमरेवर हंडा, हातात कळशी. एकदा जिन्यात तिचा पाय सरकला. हंडा गडगडत खाली गेला, कोपर सोलवटलं. ती रिकामा हंडा घेऊन पुन्हा नळावर गेली, तोवर पाणी गेलं होतं. वरच्या बाईंनी दारातूनच सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. त्या दिवशी आई पायरीवर बसून ओल्या जिन्याकडे बघत राहिली होती. मी शेजारी उभा होतो.

बायको आतून आमचं बोलणं ऐकत होती. ती बाहेर आली, मला बाजूला केलं, सिंकमध्ये सोडलेली ती बारीक नळी ओढून काढली आणि खाली बालदी ठेवून तिच्यात सोडली. मग कॉक पूर्ण उघडला. फिल्टर हलकेच गुणगुणायला लागला.

"आई, इकडे या," तिने हाक मारली. "हे पाणी लादी पुसायला, भांडी विसळायला घेऊया. चालेल?"

आई आली. बालदीत बोट बुडवून म्हणाली, "चांगला पाणी आसा गो."

घरघर थांबली ती थांबलीच. आई मात्र स्वस्थ बसेना. बालदी भरत आली की टीव्ही सोडून उठायची. लादी दोनदा पुसून व्हायची, तरी पाणी उरायचं. मग ती बालदी लिफ्टने खाली नेऊन वॉचमनला जिना धुवायला द्यायला लागली. कंबर दुखेल म्हणून मी रागावायचो. ती ऐकून घ्यायची आणि बालदी उचलायची.

एका रविवारी बेल ऐकून मी दार उघडलं. बेल आमची नव्हती, समोरच्या ब्लॉकची होती. रिकामी बालदी घेऊन आई त्यांच्या दारात उभी होती आणि समोरच्या बाईंना विचारत होती, "तुमच्याकडे पण फिल्टर आसा ना? त्याची नळी खंय सोडलास?"

बाई गोंधळल्या, मग हसल्या आणि त्यांनी तिला आत घेतलं. तिला परत बोलवावं की नाही, ते न कळून मी पॅसेजमध्येच थांबलो.