आमच्या गल्लीची बिनाऔषधाची वाडी

आमच्या गल्लीतल्या सहा घरच्या बायांनी हँडपंपामागच्या रिकाम्या जागेत मिळून भाजी लावली. भाजी टोपलीभरही निघाली नाही, किस्से मात्र अजून निघून राह्यले. आठवले की डोकं तापतं!

हट्ट माझाच होता. आमची चिमी दोन वर्षांची, दिसेल ते तोंडात घालते. बाजारच्या भाजीवर काय काय मारलेलं असेल, या काळजीने मला तिला घास भरवताना धाकधूक होते. म्हणून पहिल्याच मीटिंगमध्ये मी म्हटलं, "औषध मारायचं नाही!" सगळ्या म्हणाल्या, "हौ!" हौ म्हणायला काय जातं!

उद्घाटनाला पार्षद, म्हणजे आमच्या वॉर्डाचे नगरसेवक, आले. वांग्याचं रोप लावताना त्यांचा फोटो. फोटोवाला म्हणे, "थोड़ा पीछे हटिए, बहनजी!" आम्ही मागे सरकलो, थेट मी हौसेने आधीच पेरलेल्या, नुकत्याच उगवलेल्या पालकावर! फोटो झाला, तसं ड्रायव्हरने रोप उपटून गाडीत ठेवलं.

"अगले वार्ड में भी लगाना है ना!"

मग वाफे वाटले. काय लावलं ते कोणी कोणाला सांगेना. उगवलं तेव्हा पाहतो तर माझा सोडून पाचही वाफ्यांत लौकीच लौकी, दुधी भोपळ्याचे वेलच वेल! शेजारच्या वाफ्यातल्या कमलामावशीला विचारलं, "सगळ्यांनी लौकीच काहून लावली?"

"वेल दुसरीच्या वाफ्यात पसरते नं वं!"

पाचही जणींनी हाच हिशोब केलेला!

त्यात मावशीची बकरी शिरली. माझ्या शेंगांचा अर्धा वाफा फस्त. मावशी म्हणे, "मुकं जनावर वं, त्याले काय समजते?"

मी म्हटलं, "तुमाले तं समजते नं!" आठ दिवस बोलणं बंद.

उरलेल्या अर्ध्या वाफ्यात एका सकाळी चिमी शेंग चावताना दिसली. जवळ गेले तर पानांना उग्र वास! तिच्या तोंडात बोट घालून शेंग काढली, चूळ भरवली, तशीच दवाखान्यात पळाले. डॉक्टर म्हणाले, पोटात गेलं नाही.

मावशीचे मालक, आमचे मावसाजी, यांची किरनापूरकडे धानाची शेती, गल्लीत फवारणीचा पंप त्यांच्याच घरी. त्यांना जाऊन विचारलं. म्हणतात कसे, "धानाचं औषध उरलं होतं बहू, फेकून काय करू? साऱ्या वाडीवर मारून देल्लं. फुकटात!"

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी मावसाजी थैली घेऊन माझ्या दारात. दाराजवळ फुटक्या बादलीत मी चिमीपुरता पालक लावला आहे, तिकडे बोट दाखवून म्हणाले,

"थोडा दे वं बहू. नातू आला हाय. त्याले वाडीतलं कसं चारू?"