हयातबीचं नाव कुठल्या रकान्यात?

किश्श्यांचं एक बरं असतं, ते शोधत फिरावं लागत नाही. तहसीलच्या आवारात टेबल टाकून बसलं, की निराधार विभागाच्या दारातून ते आपोआप चालत येतात, सोबत आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन. आमचं तहसील धाराशिव जिल्ह्यातलं, एवढंच सांगते. तालुका सांगितला तर माझ्याकडचे सगळे अर्ज त्रुटीत जातील.

दिल्लीत सामाजिक धोरण शिकून मी परतले ती थेट या आवारात. लोकांचे अर्ज फुकट लिहून द्यायचे, हा निश्चय. पहिला आठवडा माझ्याकडं कुणी फिरकलं नाही. शेजारी अर्ज लिहिणाऱ्या तात्यांपुढं मात्र रांग. शेवटी तात्यांनाच दया आली.

"ताई, फुकट म्हणू नका. फुकट म्हणलं की लोकांना वाटतं, ही अजून शिकायलीय, आन् आपल्यावर शिकायलीय."

मग त्यांनी स्वतःकडची एक अर्जदार माझ्याकडं पाठवली. "ही केस तुम्ही घ्या. माझ्याच्यानं व्हईना."

* * *

साठीच्या पुढची, एकटी राहणारी बाई. गोधड्या शिवायची, आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. निराधारचं अनुदान चार महिने बंद, आणि घरातलं पीठ, गोळ्या सगळं त्यावरच.

मी पेन उघडलं. "नाव?"

"हयात."

"तो प्रश्न पुढं आहे आजी. आधी नाव सांगा."

"हयात."

"ते मला दिसतंय."

तिनं तात्यांकडं बघितलं. तात्या तोंडावर फाईल धरून हसत होते.

हयातबी शेख; कागदोपत्री नुसतं 'हयात शेख'. आणि तिचं अनुदान बंद पडलं होतं ते नेमकं याच नावापायी. ग्रामपंचायतीच्या यादीत दोन रकाने होते. पहिल्यात नाव, दुसऱ्यात हयात की मयत. हिच्या ओळीत दोन्हीकडं 'हयात'. ऑपरेटरला वाटलं, शेरा चुकून दोनदा पडला. त्यानं पहिला पुसला. राहिलं नुसतं 'शेख'. बाई जिवंत असल्याबद्दल कार्यालयाची तक्रार नव्हती. फक्त कोण जिवंत आहे, ते कळत नव्हतं.

* * *

गावात या अनुदानाला 'पगार' म्हणतात. मला ते खटकायचं. हा पगार नाही, उपकार तर नाहीच, हा तुमचा हक्क आहे, असं मी हयातबीला पंधरा मिनिटं समजावलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बेटी, पगार होता तवर बँकेत यायचा. हक्क झाला म्हणून बंद पडला का?"

* * *

निराधारचे कारकून, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांनी कागद मागितले. आम्ही दिले. त्यांनी चष्मा वर केला.

"आधारवर उस्मानाबाद. अर्जात धाराशिव. बाई, तुम्ही जिल्हा कधी बदलला?"

"म्या कशाला बदलू, भाऊसाहेब? म्या तिथंच बसलेय. जिल्हाच उठून गेला."

भाऊसाहेब हसले नाहीत. पण 'जिल्हा जुळत नाही' हा अर्जावर मारलेला शेरा मात्र त्यांनी खोडला.

* * *

मी ऑनलाइन तक्रार केली. विषय: लाभार्थीचे नाव यादीत नाही. 'नाव' या चौकटीत मी मोठ्या विश्वासानं 'हयात' भरलं. आठवड्यानं मोबाईलवर उत्तर आलं: तक्रार निकाली. कारण: तक्रारदाराचे नाव नमूद नाही.

तात्यांनी मेसेज दोनदा वाचला. "दिल्लीला हे शिकवत न्हाईत का?"

* * *

मग मला वाटलं, तलाठ्याचा दाखला आणला की प्रश्नच मिटला. तलाठी भला माणूस. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, 'अर्जदार हयात हयात आहे.' गोल शिक्का मारला. दाखला घेऊन आम्ही धावतच भाऊसाहेबांकडं गेलो.

त्यांनी वाचला. लाल पेन काढलं. एक 'हयात' खोडलं.

"अहो, काय केलंत?"

"द्विरुक्ती आहे, मॅडम. मी मराठी घेऊन बीए केलंय."

* * *

शेवटी अपील. नायब तहसीलदारांपुढं सुनावणी. मी अकरा पानांचं निवेदन तयार केलं होतं. त्यात राज्यघटना होती, मानवी प्रतिष्ठा होती, तळटिपाही होत्या. साहेबांनी पानं उलटून पाहिली, पाठकोरी आहेत हे बघून बाजूला ठेवली. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. सकाळपासूनची ही कितवी सुनावणी, त्यांनाही आठवत नसावं.

मी उभी राहिले. बोलले. मधे तळटिपाही वाचून दाखवल्या. साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला आणि हयातबीकडं वळले.

"आजी, मॅडमचं सगळं बरोबर आहे. पण मी आज दुरुस्ती करेन, पुढच्या वर्षी नवी यादी येईल, नवा ऑपरेटर येईल, तो परत पुसेल. तुम्ही दरवर्षी हेलपाटे घालणार का? त्यापेक्षा नावच बदलून घ्या. राजपत्रात छापून येतं. काहीतरी सुटसुटीत घ्या."

मी तोंड उघडलं. हयातबीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. ती खरंच विचार करत होती. पीठ संपत आलं होतं, ते मला ठाऊक होतं.

"साहेब, घेतलं असतं," ती म्हणाली. "पर उद्या म्या वर गेले, तर तिथली यादी जुनीच असंल. तिथं नाव जुळलं न्हाय, तर अपील कुणाकडं करायचं?"

साहेबांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग भाऊसाहेबांना कॉम्प्युटरसकट आत बोलावलं.

"यांचं नाव आहे तेच टाका. आत्ता. माझ्यासमोर. जोवर सेव्ह होत नाही, तोवर मी उठत नाही."

भाऊसाहेबांनी खुर्ची पुढं ओढली. दोन बोटं कीबोर्डवर ठेवली. मग थांबले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्याकडं वळून अदबीनं विचारलं,

"बी जोडून लिहू, का सुटं?"