गावाच्या फोटोत मामा

वसमतचा रात्रीचा फोटो काढायचा तर तयारी आधी लागते. पाण्याच्या टाकीवर चढायची परवानगी, ट्रायपॉड, भरलेल्या बॅटऱ्या, वारा पडलेला दिवस. सगळं जुळलं तेव्हा मी आणि नवरा अंधार पडताच वर गेलो. दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सने गावाचे तुकडे टिपायचे, आधी वरची ओळ, मग खालची. प्रत्येक तुकडा शेजारच्यावर थोडा चढलेला. घरी कॉम्प्युटर ते जोडून एक प्रचंड फोटो करतो. वाटेल तेवढा मोठा करा, दुकानाची पाटी वाचता येते.

जेवणाआधीच जोडणी झाली. मी आमचं घर शोधत होते.

"आपल्या गच्चीवर कोन हाय गं? चोर दिसून राहिला," नवरा हसला.

मी आणखी मोठा केला. मामा होते. माझे सासरे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरातल्या घरात वॉकर धरून चालतात. गच्चीचा दिवा लावून, गुडघ्याएवढ्या कठड्याला लागून, प्लास्टिकच्या स्टुलावर उभे. धुतलेला सदरा, टोपी, तोंड टाकीकडे.

अशा फोटोत शटर काही सेकंद उघडं असतं. हललेलं माणूस धुरकट येतं. मामांच्या सदऱ्याची बटणं दिसत होती.

मी जोडण्याआधीचे सुटे तुकडे उघडले. वरच्या ओळीत ते होते. खालच्या ओळीतही तसेच. दोन ओळींच्या मधे आम्ही बॅटरी बदलली होती, निवांत चहा प्यालो होतो. तेवढा सगळा वेळ मामा स्टुलावरच.

नवऱ्याचं हसू गेलं. मामा बाहेरच्या खोलीत खुर्चीत सुखरूप बसले आहेत हे माहीत असूनही मी धावत गेले.

"मामा, गच्चीवर गेला होता?"

"आलो का फोटोत?"

"कशाला धरून उभे होता?"

"कशालाच न्हाई. धरलं की मानूस म्हातारं दिसतं."

"अन् पडला असता म्हणजे?"

"सारं गाव फोटोत येऊन राहिलं. मीच काहून न्हाई?"

मी त्यांच्या खुर्चीपाशी गेले.

"दाखव बरं, पोरी." उठायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी ओढलं. ते अर्धे उठले, पाय लटपटले आणि परत खुर्चीत बसले. पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.

"जिना उतरताना बसत बसतच आलो," ते हळूच म्हणाले.

मी तशीच त्यांच्यासमोर खाली बसले.

"हात सोड की," मामा म्हणाले.

मला सोडवेना.